‘हा कोनाचा वं?’ : जाडजूड अद्भुत कादंबरी पडद्यासाठी लिहिताना

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटक असतं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंच उभा राहतो, खाली तणीस पसरतात, त्यावर ज्याची त्यानं आणलेली बोरी नाही तर सतरंजी. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. कॉलेजात असताना दोन हंगाम मी वडशाच्या एका नाटक मंडळात प्रॉम्प्टर, म्हणजे आडून नटांना संवाद सांगणारा, होतो. त्यातलं एक नाटक काल्पनिक राजघराण्याचं होतं. दुसऱ्या अंकात एक तरुण राजपुत्र दरबारात येतो आणि थेट गादीवर हक्क सांगतो. पहिल्या प्रयोगाला तो बोलायला लागला आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, “हा कोनाचा वं?” शेजारीण म्हणाली, “मले का मालूम, आत्ताच तं आला!” मागच्या बाईनं आपला अंदाज सांगितला, तिच्या मागच्यानं तो खोडून काढला, आणि नाटकातला सगळ्यात चांगला संवाद त्या कुजबुजीत बुडाला.

दुसऱ्या दिवशी राजाचं काम करणाऱ्या जुन्या नटानं राजपुत्राला एवढंच सांगितलं, “आल्याबरोबर माह्या पाया पड आन् ‘मोठे बाबा’ म्हन.” त्या रात्री कोणी काही विचारलं नाही. मोठे बाबा म्हणजे बापाचा थोरला भाऊ. म्हणजे हा धाकट्याचा पोरगा. म्हणजे राजाला मूलबाळ नसेल तर गादी याची. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हिस्सेवाटणीची भांडणं पाहतच तो मोठा झालेला असतो.

गेली नऊ वर्षं मी पटकथा लिहितो. त्यातली जवळपास चार वर्षं एका चार खंडांच्या अद्भुत कादंबरीची वेब सिरीज करण्यात गेली. आमच्या भागातली मुलंमुली आता विचारतात की असं काम कसं मिळतं, कसं करायचं, नागपूर-मुंबईला जावंच लागतं का. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि सुरुवात त्या म्हातारीपासूनच करावीशी वाटते, कारण या धंद्यातली निम्मी अडचण तिच्या प्रश्नात आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अद्भुत कादंबऱ्यांवरून केलेल्या मालिकेचं उदाहरण घ्या. तिचा पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, २००९ साली चित्रित झाला. तो काही जवळच्या लेखकमित्रांना दाखवला, तेव्हा जेमी आणि सर्सी हे बहीणभाऊ आहेत हेच पाहणाऱ्यांना कळलं नव्हतं. पहिल्या भागाचा शेवटचा धक्का तर त्या नात्यावरच उभा आहे! बहुतेक पायलट पुन्हा चित्रित करावा लागला आणि मालिका २०११ मध्ये आली. कादंबरीत लेखक एका वाक्यात सांगून जातो की ही त्याची जुळी बहीण. शंका आली तर वाचक चार पानं मागे जातो, शेवटी दिलेली वंशावळ उघडतो. पडद्यावर दोन सोनेरी केसांची माणसं दिसतात, बस. नातं डोळ्यांना दिसत नाही. ते कोणाच्या तरी तोंडून, कोणाच्या तरी वागण्यातून दिसावं लागतं.

इथे मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक मोठी गोष्ट आहे आणि ती आपण वापरत नाही. आपल्याकडे माणूस माणसाला नावानं क्वचितच हाक मारतो. आत्या, मामंजी, भाऊजी, वन्सं, मोठी माय. एका हाकेत वय, नातं, मान आणि कधी कधी जुनं वैरसुद्धा कळतं. माझ्या पहिल्या मसुद्यात सगळी पात्रं एकमेकांना पूर्ण नावानं हाक मारत होती, कारण कादंबरीतली नावं मला फार सुंदर वाटायची. पहिल्या एपिसोडमध्ये अशी २३ नावं होती. आमच्या हेड रायटर ताईंनी तो मसुदा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “यातली कुठली पाच मला उद्या सकाळी आठवतील ते सांग.” मला सांगता आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी फक्त नावं काढून नाती घालत होतो.

आता लांबीचं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब असतो. आमच्या चार खंडांची पानं २१०० च्या वर होती आणि आम्हाला मिळाले होते ४५ मिनिटांचे १० भाग, म्हणजे ४५० मिनिटं. नवीन माणूस इथे कात्री घेऊन बसतो, प्रत्येक प्रकरणातून थोडं थोडं कापतो. मीही तेच केलं. त्यानं कादंबरी लहान होते, पण तिचा सिनेमा होत नाही. सगळ्या घटना उरतात आणि कुठल्याच घटनेला श्वास उरत नाही.

टोल्कीनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत आली. पीटर जॅक्सनचे तीन सिनेमे २००१, २००२ आणि २००३ चे, तिन्ही मिळून नऊ तासांहून थोडे जास्त. एवढे तास हातात असूनही टॉम बॉम्बाडिल हे वाचकांचं लाडकं पात्र त्यांनी संपूर्ण वगळलं, कारण जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचा प्रवास त्याच्याशिवाय अडत नाही. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यांच्या मध्ये १७ वर्षं जातात. सिनेमात हा काळ इतका आवळला आहे की मधली वर्षं जाणवतच नाहीत, कारण संकट दारात उभं आहे म्हटल्यावर माणूस १७ वर्षं घरी बसलेला दाखवता येत नाही. दुसऱ्या खंडात आधी अॅरागॉर्न आणि सोबत्यांची हकीकत पूर्ण सांगून होते, मग फ्रोडो आणि सॅमची सुरू होते. सिनेमात या दोन्ही वाटा एकमेकींत विणल्या आहेत. त्यामुळे वेळेचा सगळा हिशोब बदलला, आणि दुसऱ्या खंडातली शेलोब ही राक्षसी कोळीण तिसऱ्या सिनेमात गेली. शिकायचं असेल तर एक काम करा. दुसरा खंड वाचा, मग दुसरा सिनेमा पाहा, आणि वहीत दोन रकाने करून कुठली घटना कुठून कुठे गेली ते लिहा. मला यासाठी अकरा दिवस लागले. कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्या वहीनं मला जास्त दिलं.

या कामाची माझी पद्धत सांगतो. कादंबरी तीनदा वाचायची. पहिल्यांदा फक्त वाचक म्हणून, पेन दूर ठेवून. दुसऱ्यांदा खुणा करत. तिसऱ्यांदा वाचून झाली की पुस्तक कपाटात टाकायचं, आठ दिवस दुसरं काम करायचं, आणि मग पुस्तक न उघडता गोष्ट दोन पानांत लिहायची. त्या दोन पानांत जे आपोआप आलं तो कणा. जे आलं नाही, ते कितीही आवडतं असलं तरी त्याला जागा मागावी लागेल. यानंतरच स्टेप आउटलाइन, म्हणजे एकेका सीनचं दोन-तीन ओळींत टाचण. संवाद सगळ्यात शेवटी. आमच्याकडची मुलं संवादापासून सुरू करतात, कारण आपण झाडीपट्टीची नाटकं कानांनी पाहत वाढलो. मीही तसाच. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं.

कथेतला निवेदक ही आणखी एक कठीण गोष्ट. अद्भुत कादंबरीत हजार वर्षांचा इतिहास लेखक स्वतः सांगतो. पडद्यावर तो कोणी सांगायचा? दूरदर्शनच्या ‘महाभारता’त, १९८८ ते १९९० या काळात ९४ भाग चाललेल्या, राही मासूम रझा यांच्या लेखणीतून ‘मैं समय हूँ’ म्हणणारा आवाज आला. काळालाच निवेदक केलं! त्यामुळे पिढ्यांवरून उडी मारता आली आणि कोणाच्या मनात काय आहे यावर बोलताही आलं. मला हा उपाय अजूनही फार मोठा वाटतो. पण त्याची नक्कल करू नका. ‘फार फार वर्षांपूर्वी’ म्हणत नकाशावरून फिरणारा आवाज आता प्रत्येक निर्मात्याला सुचतो. इतिहास सांगण्याआधी प्रेक्षकाला तो जाणून घ्यायची ओढ लागली पाहिजे. आमच्या मालिकेत शापाची गोष्ट पहिल्या भागात होती. ती आम्ही तिसऱ्यात नेली. तोवर पोरीच्या हातावरचा डाग पाहणाऱ्यांनी दोनदा पाहिलेला होता आणि आता त्यांनाच विचारायचं होतं की हे काय आहे.

पैशाचा विचार लेखकानं करू नये असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कादंबरीत ‘दहा हजार स्वार’ लिहायला आणि ‘एक म्हातारा’ लिहायला सारखीच शाई लागते. सेटवर घोडा, घोडेवाला, चारा, पोशाख, व्हीएफएक्स सगळं मोजलं जातं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या सीझनमध्ये टिरियन हे पात्र लढाईच्या सुरुवातीलाच बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. पुस्तकात तो लढतो. खर्च वाचला आणि सीनही पात्राला शोभला. आमच्या शेवटच्या युद्धाचा खर्च झेपणार नाही असं कळलं तेव्हा मी गावी होतो. वैनगंगेला पूर होता आणि घाटावर बाया पलीकडे गेलेल्या माणसांची वाट पाहत उभ्या होत्या. कोणी बोलत नव्हतं. मी ते युद्ध तसंच लिहिलं: नदीच्या अलीकडचा काठ, बाया, आणि पाण्यातून एकेक रिकाम्या खोगिराचा घोडा वर येतो. कोणाचा घोडा ते बाईला आधी कळतं, मग आपल्याला. चार वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात चांगला सीन तो आहे.

आता भाषेबद्दल, आणि हे मला मनापासून लागतं. आमच्या कादंबरीत जंगलात राहणारी एक जमात होती, औषधं जाणणारी, तारे पाहून वाट काढणारी. मसुदा फिरून आला तेव्हा राजवाड्यातली माणसं पुस्तकी मराठी बोलत होती आणि जंगलातल्या माणसांच्या तोंडी आमची बोली होती, तीही फक्त हशा यावा म्हणून. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन रायलो’ आलं की पुढे विनोद आलाच. मी बैठकीत उभा राहून सांगितलं की या बोलीत माझ्या आजीनं मरणाच्या गोष्टी सांगितल्या आहेत, देवाशी भांडली आहे. डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञानं ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या एका काल्पनिक भटक्या टोळीसाठी व्याकरणासकट दोथ्राकी भाषा उभी केली, आणि आपल्याकडे जिवंत बोली आहे तर ती विदूषकाला द्यायची? त्यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी जमातीच्या प्रमुख बाईची बोली राहिली आणि तिचा एकही संवाद हसण्यावारी गेला नाही. तिच्या दोन साथीदारांचे विनोद मात्र मला काढता आले नाहीत. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा हा वाद तुमच्याही वाट्याला येईल. तयारीनं जा.

हक्कांबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे नीट वाचा. माझं पहिलं मोठं काम आठ महिन्यांनी बंद पडलं, कारण ज्या निर्मात्यासाठी मी लिहीत होतो त्याच्याकडे कादंबरीचे हक्कच नव्हते. पैसे बुडाले आणि लिहिलेलं कुठे नेताही येईना, कारण मूळ गोष्ट दुसऱ्याची. लिहायला बसण्याआधी हक्काचा करार डोळ्यांनी पाहायला मागा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. स्वतःचा मसुदा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा. ते घरबसल्या ऑनलाइन होतं.

सराव कशावर करायचा? जुन्या मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्या आहेत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आहे, आणि नाथमाधव १९२८ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरच्या हक्काची मुदत केव्हाच संपली. यातलं एक प्रकरण घ्या आणि दहा पानांची पटकथा करा. काम मागायला जाताना अशी दहा पानं हातात असली की बोलणं सोपं जातं. मुंबईत राहावं लागलं का? मला तीन वर्षं राहावं लागलं, कारण रायटर्स रूममध्ये, म्हणजे मालिकेचे लेखक मिळून काम करतात त्या खोलीत, बसून इतरांचं ऐकल्याशिवाय आपलं काय चुकतं ते कळत नाही. आता मी गावातूनच काम करतो, बैठका व्हिडिओ कॉलवर होतात, आणि वीज गेली की मोबाइलवर.

दहा भागांपैकी पहिला भाग पक्का करायच्या आधी मी एक गोष्ट केली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. दुपारी बाया भाकरी खायला शेताच्या धुऱ्यावर बसल्या तेव्हा मी विचारून त्यांना पटकथा वाचून दाखवली, अगदी ‘दिवस, बाहेर’ पासून. सहा पानं त्या चुपचाप ऐकत होत्या. सातव्या पानावर राणीच्या खोलीत एक पोरगा शिरतो. माझ्या शेजारच्या काकूंनी हातातला घास तसाच ठेवला आणि विचारलं, “बाबू, हा कोनाचा?”

मी रात्री घरी येऊन तो सीन उघडला. पोरगा आत येतो, राणी वळून पाहते. त्याच्या पहिल्या संवादाच्या आधी मी एक शब्द घातला: ‘मावशी.’