राजम्याचा दाट स्ट्यू: आधी दाणा शिजवा, मग बाकी सगळं

थंडीत एकाच भांड्यात रात्रीचं जेवण व्हावं, पोट भरावं आणि अंगात ऊब यावी, यासाठी राजम्याच्या स्ट्यूइतका भरवशाचा पदार्थ मला माहीत नाही. कांदा-टोमॅटो परतणं सगळ्यांना जमतं. बिघडतो तो दाणा. साल सुटून वर तरंगते आणि आतला गर कचकचीत राहतो, नाहीतर अर्धे दाणे फुटून त्यांचं पीठ होतं आणि उरलेले अर्धे टणकच असतात. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला असा, की सगळं एकत्र घाला आणि मंद आचेवर ठेवून द्या. बिघाडाचं मूळ तिथेच आहे. दाणा वेगळा शिजवायचा, पूर्ण शिजवायचा आणि मगच त्याची टोमॅटोशी गाठ घालून द्यायची. एवढं पाळलं तर बाकी चुका खपून जातात.

चार जणांसाठी 250 ग्रॅम सुका राजमा, दोन मोठे कांदे आणि आणखी अर्धा, दोन गाजरं, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, चार पिकलेले टोमॅटो, दोन तमालपत्रं, जिरे, लाल तिखट, मिरी, तेल, मीठ आणि अर्धं लिंबू. लाल, चित्रा, काळा, पांढरा, कुठलाही राजमा चालेल. हे सगळे एकाच वनस्पतीचे, फॅसिओलस व्हल्गॅरिसचे प्रकार आहेत आणि मूळचे अमेरिका खंडातले. त्यामुळे पद्धत एकच, वेळ मात्र प्रत्येकाला वेगळा लागतो. म्हणूनच दोन प्रकार, किंवा नवं आणि जुनं पाकीट, एका पातेल्यात मिसळू नका. एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा लगदा होतो.

राजमा शक्यतो नव्या हंगामाचा घ्या. दाणा तुकतुकीत हवा, सालीला भेगा किंवा सुरकुत्या नकोत. उकाड्यात आणि दमट जागी फार दिवस पडून राहिलेला राजमा कितीही भिजवला तरी हट्टी राहतो. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं. जुन्या दाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटे होऊन या पेक्टिनला घट्ट धरून बसतात आणि मग ते सहजी सुटत नाही. एखाद-दुसरा गणंग प्रत्येक पाकिटात निघतोच. पण अख्खं पातेलं गणंग निघालं, तर दोष आचेचा नसून दाण्याच्या वयाचा आहे.

भिजवणं

रात्रभर भिजवा, मिठाच्या पाण्यात. दर लिटर पाण्याला 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच सपाट चमचे मीठ. 250 ग्रॅम राजम्याला दीड लिटर पाणी घ्या, कारण दाणा फुगून वजनाने जवळपास दुप्पट होतो. आठ ते बारा तास पुरतात. हवा उबदार असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

'मिठाने राजमा कडक होतो, मीठ शेवटीच घाला' हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की लोक तपासूनही पाहत नाहीत. खरं याच्या उलट आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, साल लवचिक होते आणि आतला गर फुगला की तीही त्याच्याबरोबर ताणली जाते. न ताणणारी साल फुटते. सालं सुटलेला स्ट्यू दिसायला वाईट आणि खायलाही, कारण ती सालं जिभेला कागदासारखी लागतात. एकाच पाकिटातला मूठभर राजमा साध्या पाण्यात आणि मूठभर मिठाच्या पाण्यात भिजवून शेजारी शेजारी शिजवून बघा. पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

भिजवायला विसरलात, तर राजमा भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, झाकण ठेवा आणि तासभर तसाच राहू द्या. रात्रभर भिजवल्याची सर येत नाही, पण काम होतं.

भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि दाणे धुऊन घ्या. पोटात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग या पाण्यात उतरलेला असतो.

शिजवणं

इथे घाई करू नका. मीही बराच काळ याच टप्प्यावर अडलो होतो. कितीही वेळ आचेवर ठेवलं तरी दाणा का शिजत नाही, हे कळत नव्हतं. कारणं एकाहून जास्त आहेत, ती एकेक करून सांगतो.

पण त्याआधी सुरक्षिततेचं. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्याचे चार-पाच दाणेसुद्धा एक ते तीन तासांत जोराची मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू करू शकतात. हे लेक्टिन नुसत्या गरम पाण्याने जात नाही, त्याला खरी उकळी लागते. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा, सल्ला असा आहे: किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात किमान 30 मिनिटं उकळा. त्यामुळे भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकून कामावर निघून जाण्याचा सल्ला मला धोकादायक वाटतो. त्या भांड्याचं तापमान बरेचदा उकळीपर्यंत पोचतच नाही आणि 80 अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रासदायक ठरू शकतो. स्लो कुकर वापरायचाच असेल, तर आधी उकळून पूर्ण शिजवलेला राजमाच त्यात घाला.

आता कृती. जाड बुडाच्या पातेल्यात दाणे घाला आणि दोन बोटं वर येईल इतकं ताजं पाणी ओता. त्यात तमालपत्रं, अर्धा कांदा, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, चहाचा एक चमचा मीठ आणि थोडं तेल. आच मोठी ठेवून पहिली दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि वर येणारा फेस काढून टाका. मग आच कमी करा, पण उकळी मोडेल इतकी नाही. पहिला अर्धा तास होईपर्यंत बुडबुडे सतत फुटत राहिले पाहिजेत. त्यानंतर आच अगदी मंद करा, म्हणजे पाणी नुसतं थरथरत राहील. शेवटपर्यंत मोठ्या आचेवर ठेवलं तर दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. पाणी आटलं तर आधणाचंच पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजणं मागे पडतं. दाणे कायम बुडालेले हवेत. वर उघडा पडलेला दाणा शिजत नाही, वाळतो.

टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही या पातेल्यात जाता कामा नये. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला फार वेळ घेतं. अर्धवट शिजलेल्या राजम्यात टोमॅटो पडला की दाणा जिथे होता तिथेच थांबतो, मग दोन तास उकळा नाहीतर चार. गूळ आणि काकवीही आत्ता नकोत, साखर आणि त्यांतलं कॅल्शियम दोन्ही दाण्याला घट्ट ठेवतात. हाच गुण नंतर उपयोगी पडतो. पूर्ण शिजलेला दाणा टोमॅटोच्या रश्श्यात अर्धा तास उकळला तरी आकार सोडत नाही. म्हणजे टोमॅटो वाईट नाही, त्याची वेळ चुकते.

दुसरी अडचण पाण्याची. भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरणारं जड पाणी असेल, तर त्यातलं कॅल्शियम पुन्हा तोच गोंधळ करतं. अशा वेळी, किंवा राजमा जुना असल्याची शंका असेल तर, लिटरभर पाण्याला चहाचा पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त नको. सोडा वाढला की साबणासारखी चव येते, दाणा गिच्च होतो आणि बी-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं. नवा राजमा आणि हलकं पाणी असेल तर सोड्याला हातही लावू नका. प्रत्येक वेळी सवयीने चिमूटभर सोडा टाकणं मला मान्य नाही.

शिजला हे ओळखायचं कसं? घड्याळ बघून नाही. कुठला दाणा पाऊण तासात होतो, कुठला दीड तास घेतो, आणि जुन्याला त्याहूनही जास्त लागतो. एक दाणा बोटाने चेपून 'झाला' म्हणणंही पुरेसं नाही. तळातून, मधून आणि कडेने असे पाच दाणे काढा. फुंकर मारल्यावर साल सुरकुतून उलते, ही नुसती पहिली खूण. मग प्रत्येक दाणा जिभेने टाळ्यावर दाबा, दात लावू नका. तो लोण्यासारखा पसरला पाहिजे, मधोमध कणी लागता कामा नये. पाचातल्या एकाला जरी कणी लागली, तरी आणखी पंधरा मिनिटं, आणि परत पाच दाणे. 'थोडे कच्चे आहेत, रश्श्यात शिजतील' हा विचार मनात आला की थांबा. रश्श्यात ते शिजत नाहीत, कारण तिथे टोमॅटो आहे.

सगळे दाणे झाले की आच बंद करा आणि राजमा त्याच पाण्यात अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास बहुतेक पाककृतींत नसतो, पण तो वाचवू नका. दाणे एकसारखे होतात आणि मीठ आतपर्यंत पोचतं. हे पाणी ओतून द्यायचं नाही, स्ट्यूचा रस्सा त्याचाच होणार आहे.

कुकर वापरणाऱ्यांसाठी: वापरा, त्यात कमीपणा काही नाही. पूर्ण दाबाला आतलं तापमान साधारण 120 अंशांपर्यंत जातं, त्यामुळे लेक्टिनची काळजी मिटते. राजमा मात्र भिजवलेलाच हवा. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका आणि चमचाभर तेल घालाच, नाहीतर फेस शिट्टीच्या नळीत जाऊन अडकतो. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची आणि शेगडीची शिट्टी वेगळी असते. पूर्ण दाब आल्यावर आच बारीक करून बारा ते पंधरा मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईने वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि दाणे फुटतात. उघडल्यावर तीच पाच दाण्यांची परीक्षा. कमी पडलं तर आणखी पाच मिनिटं. टोमॅटो कुकरमध्येही नकोच.

डब्यातला तयार राजमा हा पूर्ण शिजलेला असतो. तो घेतलात तर दाणे धुऊन घ्या आणि थेट पुढच्या भागापासून सुरुवात करा. रश्श्यासाठी मात्र साधं गरम पाणी वापरावं लागेल आणि चवीत फरक पडेल.

स्ट्यू

चार चमचे तेलात जिरे तडतडू द्या, बारीक चिरलेला कांदा सोनेरी होईपर्यंत परता, मग गाजर, उरलेला लसूण आणि लाल तिखट. तिखट करपायच्या आत चिरलेला टोमॅटो घाला आणि तेल कडेला सुटेपर्यंत परता. टोमॅटोचा कच्चट आंबटपणा इथेच घालवायचा, नंतर तो जात नाही.

राजमा त्याच्या पाण्यासकट ओता. डावभर दाणे बाजूला काढून ठेचा आणि परत घाला. दाटपणा एवढ्यानेच येतो. कॉर्नफ्लोर किंवा मैदा लावून केलेला स्ट्यू चिकट लागतो आणि राजम्याची चव झाकली जाते, तेव्हा ते दोन्ही दूर ठेवा. झाकण अर्धवट ठेवून पंचवीस-तीस मिनिटं मंद आचेवर, अधूनमधून तळापासून ढवळत. पालेभाजी घालायची असेल तर शेवटची पाच मिनिटं. मीठ चाखून मगच घाला, कारण दाण्यात आणि पाण्यात ते आधीच आहे. मिरी आणि लिंबू आच बंद केल्यावर.

आणि समजा, घाईत टोमॅटो आधीच पडला आणि दाणा कडक राहिला, तर तसाच उकळत बसू नका. झाऱ्याने दाणे काढा, धुवा आणि ताज्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून वेगळे शिजवा. परीक्षेत उतरले की परत रश्श्यात. वेळ जाईल, पण स्ट्यू वाचेल.

उरलेला स्ट्यू पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त घट्ट होतो, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा आणि बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळत पूर्ण उकळी आणा. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर एका जेवणापुरते डबे भरा, दाणे रश्श्यात बुडालेले हवेत आणि वर बोटभर जागा मोकळी सोडा. गोठताना रस्सा फुगतो आणि काठोकाठ भरलेल्या डब्याचं झाकण उचललं जातं.