खपलीच्या पिठाची झटपट ड्रॉप बिस्किटं, लाटणं नको आणि कटरही नको

खपली, आइनकॉर्न, स्पेल्ट असलं जुन्या वाणाच्या गव्हाचं पीठ हौसेने आणलं की लोक आधी पाव करायला घेतात, तो काही फुगत नाही, चपटा आणि दडस होतो, आणि मग ते पीठ कपाटात मागे जाऊन पडतं ते कीड लागेपर्यंत. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण पिठात काही खोट नसते हो, ज्या कामाला ते बनलेलंच नाही ते काम आपण त्याच्याकडून करून घ्यायला जातो. त्या पिठाची ड्रॉप बिस्किटं करा, मिक्स करण्यापासून ओव्हनमधून बाहेर काढेपर्यंत अर्धा तास पुरतो आणि चव अशी येते की मैद्याची परत करावीशी वाटत नाहीत.

डब्यातली कडक गोड बिस्किटं डोळ्यासमोर आणू नका. ही वरून खरपूस, आतून मऊ भुसभुशीत, थोडी खारट, सूपबरोबर किंवा लोणी-मध लावून गरम गरम खायची. ड्रॉप म्हणजे काय तर पीठ सैलसर ठेवायचं आणि चमच्याने सरळ ट्रेमध्ये सोडायचं.

आता हे पीठ इथे का चालतं ते सांगते, कारण ते कळलं की रेसिपी पाठ करायची गरज राहत नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं मिळून ग्लूटेनचं जाळं बनतं, ग्लायडिनमुळे ते ताणलं जातं आणि ग्लुटेनिनमुळे त्यात जोर येतो. आइनकॉर्नमध्ये प्रोटीन भरपूर असतं पण त्यात ग्लुटेनिनचा वाटा कमी, त्यामुळे गोळा चिकट आणि ढिला होतो, खपलीचंही बरंचसं तसंच, आणि स्पेल्ट साध्या गव्हाच्या जवळचा असला तरी जास्त मळला की त्याचं जाळं लवकर तुटतं. पावाला हे जाळं मजबूत लागतं कारण यीस्टचा गॅस तासन्‌तास धरून ठेवायचा असतो. बिस्किटात उलट हे जाळं जितकं कमी तितकं बिस्कीट मऊ, आणि फुगवायचं काम बेकिंग पावडर काही मिनिटांत उरकते. मैद्याच्या बिस्किटांना जास्त हलवू नका, चिवट होतील असं प्रत्येक ठिकाणी बजावून सांगतात ना, इथे ती भीती मुळातच कमी आहे.

खपली आणि आइनकॉर्न माणूस साधारण १०,००० वर्षांपूर्वी पेरायला लागला आणि बेकिंग पावडर आली १९व्या शतकात, पण दोघांचं जमतं मात्र छान.

साहित्य वजनाने घ्या, कारण ही पिठं कपात कधी भुसभुशीत बसतात कधी दाबून आणि तिथेच सगळं बिघडतं. खपलीचं पीठ २४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाऊण टीस्पून, साखर १ टीस्पून, बटर १०० ग्रॅम आणि एकदम थंड घट्ट ताक २४० मिली. बटर खारं असेल तर मीठ निम्मं करा. ताक पातळ असेल तर सरळ दही घ्या, तीन भाग दही आणि एक भाग पाणी घुसळून. आंबटपणा लागतोच, सोडा त्याच्याशिवाय कामाला लागत नाही आणि मग तोंडात साबणासारखी चव राहते. बेकिंग पावडर जुनी वाटत असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, लगेच खळखळून फेस आला तर ठीक, नाहीतर नवीन आणा.

पीठ आइनकॉर्नचं असेल तर ताक २०० मिलीपासून सुरू करा, ते पीठ पाणी कमी पितं आणि हळू पितं. खपलीचं पूर्ण कोंड्यासकटचं पीठ असेल तर अख्खं २४० लागतं, कधी चमचाभर वरसुद्धा.

ओव्हन आधी २२० डिग्रीला लावून टाका, फॅनवाला असेल तर २००, आणि किमान १५ मिनिटं तापू द्या, यात घाई करू नका कारण कोमट ओव्हनमध्ये बिस्कीट फुगायच्या आधी पसरतं. तोवर कोरडं सगळं एका मोठ्या भांड्यात व्हिस्कने नीट फिरवून घ्या, सोड्याची गुठळी राहिली तर खाताना तोच घास कडू लागतो.

आता बटर. थंड बटर पिठात बोटांनी चोळायची पद्धत चांगली आहे पण वेळखाऊ आहे आणि हात गरम असले तर बटर वितळतं. मी बटर वितळवूनच घेते, पाच-सात मिनिटं कोमट होऊ देते आणि मग फ्रीजमधून आत्ताच काढलेल्या ताकात ओतून काट्याने ढवळते. बघता बघता बटर गोठायला लागतं आणि ताकभर पिवळे बारीक कण तरंगायला लागतात, साबुदाण्याहून लहान. ताक फाटलं असं वाटेल, पण आपल्याला हेच हवंय. हे कण पिठात सगळीकडे पसरतात, ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि बिस्किटाला आतून पोकळी मिळते. कण दिसत नसतील तर ताक पुरेसं थंड नव्हतं, भांडं पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि परत ढवळा.

हे मिश्रण पिठात ओता, लाकडी चमच्याने किंवा स्पॅच्युलाने खालून वर असं फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत फिरवा, आणि थांबा. पीठ खूप ओलं, चिकट, पार हाताबाहेर गेल्यासारखं दिसेल. वरून पीठ घालू नका! ५ ते ८ मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात कोंडा ओलावा ओढतो आणि चमच्यावर ते ढिगासारखं उभं राहायला लागतं. त्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही, सोडा ताक लागल्या क्षणापासून गॅस सोडत असतो.

ट्रेवर बेकिंग पेपर घालून पाव कपाचे ढीग सोडा, दहा-एक होतील, मध्ये दोन बोटं जागा ठेवा. वरून दाबू नका, गुळगुळीत करू नका, ते खडबडीत उंचवटेच कुरकुरीत होतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात चविष्ट भाग. १४ ते १६ मिनिटं. या पिठाचा रंग मुळातच तपकिरी असल्यामुळे वरून बघून अंदाज चुकतो, एक बिस्कीट उलथून तळ बघा, तळ गडद सोनेरी आणि काडी घातल्यावर कोरडी आली की काढा. जाळीवर पाच मिनिटं ठेवून मगच मोडा, लगेच मोडलं तर आत चिकट वाटतं.

एअर फ्रायर असेल तर ढीग निम्म्या आकाराचे करा, १८० डिग्रीला ठेवा आणि आठव्या मिनिटापासून बघत राहा.

ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ घालायचं असेल तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घाला, बाकी खपलीच ठेवा. त्यांच्यात ग्लूटेन अजिबात नसतं, सगळं तेच घेतलं तर बिस्कीट हातात येईपर्यंत चुरा होतो, मग अंडं किंवा इसबगोल घालून बांधावं लागतं आणि ती वेगळीच रेसिपी झाली. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, खपली, आइनकॉर्न, स्पेल्ट हे तिन्ही गहूच आहेत, तिन्हीत ग्लूटेन आहे. पचायला हलकं आहे वगैरे ऐकून सीलिॲक म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालण्याचा आजार असलेल्या कुणाला ही बिस्किटं देऊ नका, थोडीसुद्धा नाही.

जास्तीची करायची असतील तर भाजलेली नका साठवू, कच्चे ढीगच ट्रेवर गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा आणि लागतील तेव्हा न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, तीन-चार मिनिटं जास्त देऊन. उरलेलं पीठही हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवा, अख्ख्या दाण्याच्या पिठात अंकुराचं तेल असतं ते बाहेर लवकर खवट होतं, आणि थंड पिठात बटरचे कणही जास्त वेळ टिकतात.