सायकियाट्रीच्या गोळ्या चालू आणि अंग वेडंवाकडं हलतंय? या चुका टाळा

माझ्या आतेभावाला हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे कानात आवाज येणं, संशय यावरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळली ती तशीच अडकली, डोळे वर छताकडे, जीभ जड, बोलता येईना. आत्या म्हणाली बाहेरची बाधा आहे, शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या घेऊन धावल्या आणि मी शहाणा, फिट समजून कांदा शोधत होतो. पोरगा पूर्ण शुद्धीत होता, आमच्याकडे केविलवाणं बघत होता, हे कुणाच्या लक्षातच नाही. शेवटी कॅज्युअल्टीत नेलं, डॉक्टरने एकच विचारलं, "नवीन औषध कधी सुरू झालं?" प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. याला ॲक्यूट डिस्टोनिया म्हणतात, तरुण मुलांमध्ये जास्त दिसतो, आणि सहसा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांतच होतो.

तेव्हापासून आमच्याकडे कॅलेंडरवर लिहून ठेवतात, कुठली गोळी कधी सुरू, डोस कधी बदलला. कारण अर्धं निदान त्या तारखांतच असतं. कानात आवाज येणं, संशय, हे कमी करायला हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूतलं डोपामीनचं काम अडवतात, पण हालचाल सुरळीत ठेवायलाही तेच डोपामीन लागतं, मग अंग बिघडतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अकथिसियात. म्हणजे माणसाला बसवतच नाही, जेवता जेवता उठतो, येरझाऱ्या घालतो, उभा असला तरी या पायावरून त्या पायावर. घरचे डॉक्टरांना फोन करतात, "आजार पुन्हा उसळलाय हो, फार अस्वस्थ आहे", डॉक्टर फोनवरच डोस वाढवतात आणि बिचारा आणखी तडफडतो, कारण त्रास त्या गोळीचाच असतो ना! म्हणून आधी त्यालाच विचारा, भीती वाटतेय, कुणी काही बोलतंय असं वाटतंय, की नुसते पाय स्वस्थ बसू देत नाहीत? जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा, आणि जमलं तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून दाखवा, आपल्या वर्णनापेक्षा तो बरा. यावर डोस कमी करणं, गोळी बदलणं, प्रोप्रॅनोलॉल देणं असे उपाय आहेत. हे हलक्यात घेऊ नका, या तगमगीत जीव द्यायचे विचारही येतात. तसं काही बोलला तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही हाताशी ठेवा.

दुसरी चूक, हात थरथरतो, चाल बारीक झाली, चेहरा मख्ख, म्हणजे "वय झालं, पार्किन्सन्स लागला" असं धरून चालणं. आणि इथे फक्त मानसिक आजाराच्या गोळ्या बघू नका. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, उलटीवर मेटोक्लोप्रमाइड देतात, चक्करवर प्रोक्लोरपेराझिन, ही तिन्ही औषधं तोच खेळ करू शकतात. आपल्याकडे एकदा लिहून दिलेली ॲसिडिटीची कॅप्सूल लोक वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून खातात, चिठ्ठी कोण बघतंय?

तिथूनच पॅसिटेनपण आणतात. ट्रायहेक्झिफेनिडिल हो, कंप आणि ताठरपणावर चांगलं चालतं, पण म्हाताऱ्या माणसाला लघवी अडकणं, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा, कधी भ्रमसुद्धा होतो.

शिवाय टार्डिव्ह डिस्किनेशियात, म्हणजे महिनोन् महिने किंवा वर्षं गोळ्या घेतल्यावर ओठ चावल्यासारखे हलणं, जीभ आतबाहेर होणं, यात पॅसिटेनने उलट जास्त वाढतं. घरचे मात्र "कवळी सैल झाली" म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेतात. घाबरून गोळी स्वतःच बंद करू नका, हालचाली आधी वाढू शकतात आणि मूळ आजारही परततो. हे लवकर पकडलं तर बरं, कारण कधी कधी औषध थांबवूनही ते जात नाही. टेट्राबेनाझिनसारखी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

लिथियमवाल्यांचं, म्हणजे मूड फार वरखाली होण्याच्या आजारावर ती गोळी घेणाऱ्यांचं, जरा वेगळं. बारीक कंप बऱ्याच जणांना असतो, पण हात जोरात हलायला लागले, जुलाब-उलट्या, झोकांड्या जाताहेत, तर रक्तातलं लिथियम त्याच दिवशी तपासा. अंगदुखीला मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं की ही पातळी चढते, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरीही.

आणि अंग लाकडासारखं ताठ, भरपूर ताप, घाम, बडबड असंबद्ध, हे एकत्र दिसलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, पुढची गोळीही देऊ नका. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, रिकाम्या असल्या तरी चालतील.