सिमेंट खरवडलं, भिंत वाचली

डहाणूकडचं आमचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेलं. टिकावं म्हणून मीच हौसेनं भिंतीवर सिमेंट थापलं. पावसाळ्यात ते फुगलं आणि त्यावरची वारली चित्रं पोपड्यांसकट खाली आली. मातीतली ओल बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडली होती. आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

सगळं खरवडलं, कुजलेल्या कारव्या बदलल्या. माती, शेण, भाताचा तूस पायांनी मळून रात्रभर मुरवलं. पहिला हात भेगाळला, तूस कमी पडला होता. दुसरा बसला. पूर्ण सुकल्यावर गेरू. तांदळाच्या पिठात जरा डिंक घातला, नाहीतर पांढरं हाताला लागतं.

चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लग्नातच काढायचा, म्हणून आईनं बांबूच्या काडीनं तारपा नाच काढला, तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरलेला. तारपावाला माझा, जरा वाकडाच.