बाबांचा जुना लॅपटॉप, रजिस्ट्री आणि ४०० चा आकडा

बाबांचा लॅपटॉप जुनाट, ४ जीबी रॅम, विंडोज १०, मेनूवर माउस नेला की सबमेनू उघडेपर्यंत बाबा चहाचा घोट घ्यायचे. नवीन घ्यायचा नाही म्हणाले, मग मीच बसलो. रनमध्ये रेजएडिट टाकलं, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती रजिस्ट्री उघडली, आणि आधी फाईलमधून एक्स्पोर्ट करून बॅकअप घेतला, हे विसरू नका हां, मागे एकदा नको ती की (रजिस्ट्रीतला फोल्डर) उडवून मी पस्तावलोय. मग एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप, तिथे मेनूशोडिले नावाची एन्ट्री, व्हॅल्यू ४००. म्हणजे ४०० मिलिसेकंद मेनू मुद्दाम थांबतो! ५० केलं, शून्य नको, नाहीतर माउस नुसता सरकला तरी मेनू टपाटप उघडत बसतात. साइन आउट करून परत आलो तर फरक लगेच जाणवला. खरा वेग काही वाढलेला नाही, थांबणं कमी झालं एवढंच.

मग सिस्टमच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये जाऊन बेस्ट परफॉर्मन्स निवडलं तर अक्षरं अशी खडबडीत दिसायला लागली की बाबा म्हणाले "अरे, माझा चष्मा बिघडला का?" स्क्रीन फॉन्टच्या कडा गुळगुळीत करायची टिक तेवढी परत लावली. स्टार्टअपमधली तीन फालतू ॲप्सही बंद केली.