आधी माप, मग काठी

पक्षाघातानंतर माझा डावा पाय बऱ्यापैकी परत आला, डावा हात मात्र नावालाच उरला. तेव्हापासून घरात इतकी साधनं आली की त्यातली निम्मी माळ्यावर पडली आहेत. वस्तू वाईट नव्हत्या, माझ्या मापाच्या नव्हत्या.

पहिली काठी कुणीतरी प्रेमानं आणून दिलेली. मूठ कोरीव, दिसायला झकास, पण मला चांगली तीन बोटं उंच. महिनाभरात पाय राहिला बाजूला, खांदाच धरला. माप असं घ्या: रोजच्या चपला किंवा बूट घालून सरळ उभं राहायचं आणि हात सैल सोडायचे. मनगटाला जिथं घडी पडते, तिथवर मूठ यायला हवी. मग ती धरल्यावर कोपर किंचित, साधारण १५ ते २० अंश वाकतं. माप दुसऱ्याला घ्यायला सांगा. आपण वाकून बघायला गेलो की खांदा खाली येतो आणि माप चुकतं.

काठी धरायची ती धडधाकट हातात, म्हणजे अधू पायाच्या विरुद्ध बाजूला. अधू पाय आणि काठी एकदमच पुढे टाकायची, म्हणजे भार वाटला जातो आणि अंग एका बाजूला झुकत नाही. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि अधू पाय. आणि टोकाचं रबरी बूच अधूनमधून उलटं करून बघत जा. त्यावरची वर्तुळं पुसली असतील किंवा ते एका अंगानं झिजलं असेल, तर त्याच दिवशी बदला. ओल्या फरशीवर सगळी भिस्त त्या बुचावर असते.

बाथरूममध्ये मी टॉवेलच्या दांडीला धरून उठायचे. एके दिवशी दांडी स्क्रूसकट हातात आली. नशीब, मागे स्टूल होतं. टॉवेलची दांडी टॉवेलासाठीच असते, आणि हवेच्या दाबानं चिकटणाऱ्या मुठींवरही अंगाचा भार टाकू नये. पक्क्या भिंतीत बसवलेला आधाराचा दांडाच हवा. जाडी ३ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे मुठीत नीट बसतो. भिंतीपासून अंतर ४ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. फट मोठी असली तर हात घसरून आत अडकतो.

जागा ठरवताना मी एक केलं. कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसून पाच-सहा वेळा उठले आणि हात आपसूक जिथं गेला तिथं घरच्यांना पेन्सिलीची खूण करायला लावली. तेव्हाच लक्षात आलं की आत शिरताना उजवीकडे असलेली भिंत बाहेर येताना डावीकडे होते! एकच हात चालतो त्याला दांडे दोन लागतात. पाणी किती गरम आहे तेही चांगल्या हातानंच बघा. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही.

बटणांसाठी आकडा मिळतो, लाकडी मुठीला तारेचा फास. फास बाहेरून काजात घालायचा, बटणाभोवती अडकवायचा आणि मागे ओढायचा. पहिल्या दिवशी एका बटणाला माझी दहा मिनिटं गेली, आता सदरा दोन मिनिटांत होतो. उजव्या मनगटावरचं बटण मात्र आकड्यानंही जमत नाही, कारण तो हात स्वतःपर्यंत पोचणार कसा? ते मी इलॅस्टिकच्या दोऱ्यानं शिवून घेतलंय. कायम लावलेलं असतं, हात तसाच आत सरकतो. कपडे घालताना आधी अधू हात, काढताना तो शेवटी.

चिरण्यासाठी पाटाला स्टीलचे दोन खिळे खालून ठोकून घ्या आणि बटाटा त्यावर रोवा. पाटाखाली ओलं फडकं घातलं की तो सरकत नाही. पेन किंवा चमचा बोटांत ठरत नसेल तर त्यावर स्पंजची नळी चढवा.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणार असाल तर उंचीच्या किमान बारा पट लांबी धरा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर. जागा वाचवायला तो आखूड केला तर ढकलणाराही दमतो आणि उतरताना खुर्ची आवरत नाही.

ती कोरीव काठी अजून आहे. वरचा पडदा सरकवायला तिच्यासारखी दुसरी नाही.