अंडाशयाचे काम वयाआधी मंदावते तेव्हा: या चुका टाळा

वय चाळिशीच्या आत असताना पाळी चार महिने अनियमित राहिली किंवा बंद पडली, तर गर्भधारणा नाही याची खात्री करावी, मग संप्रेरकांची तपासणी करावी आणि त्यानंतरच गोळ्यांचा विचार करावा, हा क्रम मी मोडत नाही. तो मोडलेला मात्र वारंवार पाहते.

२९ वर्षांची एक रुग्ण दोन वर्षे ‘पाळी आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. दरमहा रक्तस्राव होत असल्याने सगळे निश्चिंत होते आणि गोळ्या चालू असतानाच केलेली एफएसएचची (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक; अंडाशय मंदावले की ते वाढते) तपासणीही नॉर्मल आली होती. वस्तुतः गोळ्यांतील संप्रेरके एफएसएच तयार करणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला दाबून ठेवतात, त्यामुळे वाढलेले एफएसएच झाकले जाते, आणि तो मासिक रक्तस्राव अंडाशयाच्या कामाची खूण नसून केवळ गोळी थांबल्याचा परिणाम असतो. मूल हवे म्हणून तिने गोळ्या सोडल्या आणि पाळी आलीच नाही; सहा आठवड्यांनी एफएसएच ७८ आढळले, एस्ट्राडायोल (अंडाशयात बनणारे मुख्य इस्ट्रोजेन) तळाला गेले होते. त्या दोन वर्षांची हळहळ मला आजही वाटते. घाईने पाळी ‘आणून दाखवणे’ हा उपचार नव्हे.

एफएसएच २५ च्या वर असणे ही निदानाची खूण आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा एक अहवाल पुरेसा असला, तरी शंका असल्यास मी चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करते. केवळ एएमएच (अंडाशयात उरलेल्या बीजांचा अंदाज देणारे संप्रेरक) कमी आले म्हणून निदान करू नये. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असल्यास ते आधी सांगावे, कारण तपासणीच्या काही पद्धतींत त्यामुळे एफएसएच खोटे कमी दिसते.

‘ताणामुळे झाले असेल’ हे उत्तर मला सर्वाधिक खटकते. ताणाने किंवा वजन घटल्याने पाळी थांबते तेव्हा एफएसएच कमी किंवा सामान्य असते. ते वाढलेले असेल तर दोष अंडाशयात आहे आणि कारण शोधलेच पाहिजे. टर्नर सिंड्रोमसारखे गुणसूत्रदोष, एफएमआर१ जनुकातील एका छोट्या तुकड्याच्या ५५ ते २०० पुनरावृत्ती, कर्करोगावरील औषधे किंवा किरणोपचार, अंडाशयावरील शस्त्रक्रिया आणि स्वप्रतिकारशक्तीचे विकार ही प्रमुख कारणे आहेत. मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी मी टाळत नाही, कारण त्या ग्रंथीचा छुपा आजार जिवावर बेतू शकतो. पुष्कळ जणींत कारण सापडत नाही, हेही खरे.

निदानानंतर इस्ट्रोजेनची पूर्तता (कमी पडलेले संप्रेरक औषधाने देणे) वर्षभरात सोडून देणे हाडांना महागात पडते. विरोधी कारण नसेल तर ती रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, चालू ठेवावी. ही पूर्तता गर्भनिरोधक नाही, आणि अंडाशय अधूनमधून जागे होत असल्याने थोड्या स्त्रियांना आपोआप गर्भ राहतो, हे पहिल्याच भेटीत सांगावे.